पुट्टीखालचा गंज: जुन्या गाडीच्या पत्राकामात पैसा कुठे आहे आणि कुठे बुडतो



पंधरा वर्षांची ओम्नी किंवा मारुती ८०० गॅरेजला येते. दाराखाली रुपयाच्या नाण्याएवढा रंगाचा फोड असतो. गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणतं, "एवढंसंच तर आहे भाऊ, पुट्टी मारून दे अन् रंग लावून दे." डेंटर स्क्रू ड्रायव्हरने फोड टोकरतो, तर ड्रायव्हर आत जातो. वरून नाण्याएवढा फोड, आत तळहाताएवढा पत्रा संपलेला.

आता पुढची पाच मिनिटं महत्त्वाची. गिऱ्हाइकाला खरं सांगायचं की नाही? सांगितलं तर किती पैसे मागायचे? आपल्याकडचे बरेच चांगले कारागीर इथेच अडकतात. हाताला कला असते, पण भाव सांगताना जीभ अडखळते. मग ते पुट्टी भरून मोकळे होतात. पहिल्या पावसाळ्यानंतर तोच फोड दुप्पट होऊन परत येतो आणि गिऱ्हाईक चार लोकांत नाव घेतं, ते चांगलं नसतं.

माझं दुकान पेंट आणि हार्डवेअरचं आहे. डेंटर-पेंटर लोकांशी रोजचा संबंध येतो. कोण किती पुट्टी नेतो आणि कोण किती पत्रा नेतो, यावरून कोणाचं गॅरेज कसं चाललंय याचा अंदाज येतो. म्हणून आज गंजलेल्या गाडीच्या कामाकडे एक व्यवसाय म्हणून बघू. काम कसं करायचं, भाव कसा काढायचा आणि कोणतं काम सोडून द्यायचं, हे तिन्ही बघू.

आपल्या भागात समुद्र नाही, मग गंज कुठून येतो?

मुंबईत गाडी गंजते ती खाऱ्या हवेने. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी मुंबईत वर्षानुवर्षं त्याच हवेत फिरल्या. तिथल्या टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी त्या टॅक्सीचं युग कायद्यानेच संपलं. वाशिमला समुद्र नाही, उन्हाळा कडक, हवा कोरडी. तरी एमएच-३७ नंबरच्या जुन्या गाड्या खालून सडलेल्या दिसतात. काहून?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो. त्यात क्षार मिसळले की वेग वाढतो. आपल्याकडे हे दोन मार्गांनी होतं.

पहिला मार्ग काळ्या मातीचा. पावसाळ्यात पांदण रस्त्याने गाडी गेली की चिखल मडगार्डच्या आत आणि दाराखालच्या पट्टीला थापला जातो. काळी माती पाणी धरून ठेवते, शेतात तोच तिचा गुण आहे. गाडीला मात्र तोच मारक. वरून गाडी धुतली जाते, पण आतल्या कोपऱ्यातलं ढेकूळ ओलंच राहतं. गाडीच्या अंगाला ओला फडका बांधून ठेवल्यासारखंच ते.

दुसरा मार्ग खताचा. मे-जूनमध्ये किती गाड्यांच्या मागच्या सीट काढून खताची पोती वाहिली जातात, ते तुम्हाला सांगायला नको. पोटॅश म्हणून आपण जे घेतो ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. समुद्राच्या मिठातही क्लोराइडच असतं. पोतं थोडं फाटतं, दाणे मॅटखाली जातात, पावसात विरघळतात आणि फ्लोअरचा पत्रा आतून खायला लागतात. म्हणजे समुद्र आपण खताच्या पोत्यातून घरी आणतो.

यात तिसरी गोष्ट जोडा: उभी गाडी. मुलगा पुण्याला नोकरीला, वडिलांना गाडी येत नाही, गाडी वाड्यात दोन वर्षं उभी. देशातली पहिली मारुती ८०० दिल्लीच्या हरपाल सिंग यांना डिसेंबर १९८३ मध्ये मिळाली. २०१० मध्ये त्यांचं निधन झालं आणि ती ऐतिहासिक गाडीसुद्धा उभी राहून गंजली. पुढे कंपनीने ती पुन्हा नीट करून आपल्या मुख्यालयात ठेवली. गाडी मानाची असो की साधी, उभी राहिली की गंजाला दोन्ही सारख्याच.

हे सगळं गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे. गंज कशाने आला हे जो समजावून सांगतो, त्याच्या एस्टिमेटवर लोक विश्वास ठेवतात.

गंजाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी, वरचा गंज. रंग खरचटला, पत्रा तांबूस झाला, पण हाताला सपाट लागतो. घासून, साफ करून, प्रायमर आणि रंग लावला की काम संपतं.

दुसरी पायरी, खड्डे. पत्र्याला देवीच्या वणासारखे खड्डे पडलेले, पापुद्रे निघतात. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि फोड येतो. इथे तारेच्या ब्रशने पापुद्रे काढून पत्रा किती उरलाय ते तपासायचं. पुरेसा जाड असेल तर रस्ट कन्व्हर्टर लावता येतो. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड गंजाच्या पातळ थराला स्थिर करतं. पण लक्षात ठेवा, कन्व्हर्टर गंज बदलतो, गेलेला पत्रा परत आणत नाही.

तिसरी पायरी, आरपार. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत जातो. इथे कापणं आणि नवा पत्रा जोडणं, एवढाच इलाज. पुट्टी नाही, फायबरची पट्टी नाही, पत्र्यावर एम-सीलही नाही.

ओळखायला महागडं मशीन लागत नाही. एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. चांगल्या पत्र्यावर ते घट्ट चिकटतं, जाड पुट्टीवर चिकटत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, चांगला पत्रा टणटणतो, सडलेला भदभद वाजतो. या दोन गोष्टी गिऱ्हाइकाच्याच हातात द्या. त्याने स्वतः चुंबक लावून बघितलं की अर्धी घासाघीस तिथेच संपते.

किती गंजली यापेक्षा कुठे गंजली

बोलेरो, सुमो, जुनी कमांडर अशा गाड्यांना खाली वेगळी चॅसी असते आणि बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असते. तिथे दाराचा पत्रा गेला तर गाडी कुरूप दिसते, पण ताकद चॅसीत असते. अर्थात चॅसी किंवा बॉडीचे माउंट गंजले तर गोष्ट वेगळी.

मारुती ८०० सारख्या गाडीला वेगळी चॅसी नसते. बॉडी हीच चॅसी. ओम्नीतही बॉडीचाच पत्रा भार पेलतो. दाराखालची बंद पेटीसारखी पट्टी, म्हणजे सिल, फ्लोअर, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे टॉवर, सीट आणि सीटबेल्ट बसतात त्या जागा, ही त्या गाडीची हाडं आहेत. हाड सडलं आणि वरून पुट्टी भरली, तर आपण भोक बुजवत नाही, धोका झाकतो.

आता आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलाय. शेलू बाजारला किंवा कारंजाला चढलं की सरळ नागपूर नाहीतर मुंबई. गावात चाळीसने चालणारी तीच जुनी गाडी तिथे नव्वद-शंभरने पळते. ज्या सिलला पुट्टी आहे, त्या सिलच्या भरवशावर आत कोणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं. हे डोक्यात ठेवून एस्टिमेट लिहायचं.

एका ओम्नीची गोष्ट

माझ्या ओळखीच्या एका गॅरेजात मागच्या मे महिन्यात मालेगाव तालुक्यातली ओम्नी आली. मालक शेतकरी. खत, फवारणीचं सामान आणि घरची माणसं, सगळं त्याच गाडीतून. तक्रार एवढीच की डाव्या बाजूला रंग फुगलाय आणि सरकतं दार घासतंय. आधी दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजात खालून काळं अंडरकोटिंग मारून घेतलं होतं, म्हणून मालकाला वाटत होतं की खालून गाडी पक्की आहे.

मॅट उचललं तर खाली ओलावा आणि पांढरट दाणे. चुंबक सिलला चिकटेना. खालचं अंडरकोटिंग खरवडलं तर त्याच्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे हातात आले. ओल्या गंजावर अंडरकोटिंग मारलं की ओलावा आत कोंडला जातो, गंज थांबत नाही. सिल अर्धी संपलेली आणि मागच्या सीटखालचा फ्लोअर पायाने दाबला की हलत होता. दार घासत होतं कारण बॉडी तिथे थोडी बसली होती.

आकडा ऐकल्यावर मालक म्हणाले, "काहून एवढे पैसे लागते भाऊ? वरून तर काहीच दिसत नाही. सहा हजारात करून दे, पोरीची परीक्षा झाली की आम्हाले शेगावला जायचं आहे."

गॅरेजवाल्याने वाद घातला नाही. त्याने मालकाला मागच्या सीटजवळ उभं केलं आणि फ्लोअरवर पाय ठेवायला सांगितलं. पत्रा दबला. मग एकच प्रश्न विचारला, "काका, पोरगी कोणत्या सीटवर बसते?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. पैशाची अडचण खरी होती, पेरणी तोंडावर. मग तोडगा निघाला तो असा: काम दोन हप्त्यांत. पावसाआधी सिल आणि फ्लोअर, म्हणजे हाडांचं काम. जोडलेल्या पत्र्याला प्रायमर आणि वरून रंगाचा एक साधा हात, कारण ईपॉक्सी प्रायमर उघड्या उन्हात तसाच ठेवला तर खराब होतो. दिसण्याचं काम, म्हणजे पूर्ण बाजूचा मॅचिंग रंग, सोयाबीन विकल्यावर. पावसाळाभर ओम्नी एका बाजूने ठिगळ लावल्यासारखी दिसली, पण फ्लोअर हलत नव्हता. दिवाळीनंतर काका रंगाला परत आले, आणि सोबत शेजाऱ्याची ८०० घेऊन आले.

यातून धंद्याचा धडा घ्या. आपल्या गिऱ्हाइकाकडे पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. काम कमी दर्जाचं करून भाव कमी करू नका. काम हप्त्यांत तोडा. आधी ताकद, मग देखणेपणा.

काम करण्याचा क्रम

हात तुमच्या डेंटरचे, पण मालक म्हणून क्रम तुम्हाला माहीत हवा. नाहीतर कुठे शॉर्टकट मारला ते कळणार नाही.

१. आधी धुणं, मग पूर्ण वाळवणं. मडगार्डच्या आतली माती खरवडून काढा. मॅट, सीट, पट्ट्या काढल्याशिवाय एस्टिमेट द्यायचं नाही.

२. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा. पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठून जातात ते बघा, जवळ असतील तर काढा. गॅस किटची गाडी असेल तर सिलिंडर काढल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवं. वेल्डिंग झाल्यावर अर्धा तास गाडी सोडून जायचं नाही, आतला फोम धुमसत राहतो.

३. कापताना दिसणाऱ्या गंजाच्या पुढे साधारण एक इंच चांगल्या पत्र्यापर्यंत कापा. सडलेल्या कडेला टाका बसत नाही, भोक मोठं होतं. चॅसी नंबर कोरलेली जागा मात्र कापायची नाही, घासायची नाही, पुट्टीखाली झाकायची नाही. तीच जागा गंजली असेल तर मालकाला आधी आरटीओत पाठवा.

४. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून ठिगळ बनवा. २० किंवा २२ गेजचा सीआर पत्रा चालतो. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यावर ताण येतो.

५. शक्यतो मिग वेल्डिंग, ज्याला आपल्याकडे सीओटू म्हणतात. गॅस वेल्डिंगची उष्णता पसरते, पातळ पत्रा वाकडा होतो आणि मागच्या बाजूचा रंग जळतो. एका रेषेत सलग टाका मारू नका. एक टाका इथे, एक समोर, असं फिरत फिरत मारा, म्हणजे पत्रा तापून फुगत नाही.

६. घासून झालं की त्याच दिवशी ईपॉक्सी प्रायमर. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला असतो. सांध्यांवर सीम सीलर लावा.

७. पुट्टी सगळ्यात शेवटी आणि पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. पुट्टीचं काम पृष्ठभाग सरळ करणं, भोक बुजवणं नाही. आणि पुट्टी कोरडी घासा. पुट्टी पाणी शोषते. पाणी मारून घासली आणि लगेच रंग मारला तर तेच पाणी पुढे फोड बनून बाहेर येतं. पाण्याचा पेपर वापरायचा तो वरच्या प्रायमरवर.

८. मागची बाजू विसरू नका. बाहेरून आरशासारखा रंग आणि सिलच्या आत वेल्डिंगने जळलेला उघडा पत्रा, हे आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं अर्धवट काम. पाइप असलेल्या स्प्रेने आत कॅव्हिटी वॅक्स मारा. दाराच्या आणि सिलच्या खाली पाणी जायची छोटी भोकं असतात, ती पुट्टीने किंवा कोटिंगने बुजली नाहीत ना, हे तारेने तपासा.

आणि एक गोष्ट कारागिराच्या जिवाची. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दम्याचा कायमचा त्रास होऊ शकतो. तोंडाला रुमाल बांधून हे थांबत नाही. चांगला काडतूसवाला मास्क, खेळती हवा, आणि जमेल तेव्हा बाहेरून हवा पुरवणारा मास्क. घासताना धुळीचा मास्क आणि चष्मा. हा खर्च एस्टिमेटमध्ये धरा. पेंटरच्या छातीतून वाचवलेला पैसा नफा नसतो.

भाव कसा काढायचा

गंजाच्या कामाचा भाव बघून सांगता येत नाही, उघडून सांगता येतो. म्हणून दोन टप्पे करा. पहिला टप्पा उघडणी: मॅट, सीट, पट्ट्या काढणं, तपासणं, फोटो काढणं. याचे ठरावीक पैसे घ्या आणि काम आपल्याकडे दिलं तर बिलातून वजा करा. दुसरा टप्पा लेखी एस्टिमेट.

खालचे आकडे फक्त गणित समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या तालुक्यातले दर टाकून परत मांडा. काम: एका ओम्नीची सिल आणि फ्लोअर, रंगासकट.

- डेंटर ४ दिवस × ९०० = ३,६००
- हेल्पर ४ दिवस × ५०० = २,०००
- पेंटर २ दिवस × ९०० = १,८००
- पत्रा ८००, वायर-गॅस-डिस्क १,१००, ईपॉक्सी आणि सीलर १,६००, पुट्टी-पेपर-रंग २,४००, वॅक्स आणि कोटिंग १,२००, एकूण माल ७,१००
- जागा भाडं आणि लाइट ६ दिवस × ४०० = २,४००

बेरीज १६,९००. उघडल्यावर निघणाऱ्या जास्तीच्या कामासाठी १० टक्के, म्हणजे १,६९०. झाले १८,५९०. त्यावर २० टक्के नफा ३,७१८. एकूण साधारण २२,३००.

बरेच जण जागा भाडं आणि १० टक्के धरतच नाहीत. जागा घरची असली तरी धरा. ती गाडी सहा दिवस उभी असताना तिथे दुसरी गाडी लागत नाही.

आता पुट्टीवाल्या कामाचं गणित बघा. सहा हजार घेतले, खर्च बेचाळीसशे, खिशात अठराशे. पावसाळ्यानंतर गाडी परत आली, फुकट करून द्यावं लागलं, मजुरी आणि माल तीन हजार. म्हणजे बाराशे रुपये तोटा, वर नाव गेलं. पहिल्या दिवशी जो नफा वाटला तो उसना होता.

एस्टिमेटवर तीन गोष्टी लिहा: काय करणार, काय करणार नाही, आणि कशाची किती दिवस जबाबदारी. नवा जोडलेला भाग आणि सांधा याची एक वर्ष जबाबदारी घ्या. ज्या भागाला हात लावला नाही, त्याची नाही. कापण्याआधीचा, ठिगळ बसवल्यावरचा आणि प्रायमरनंतरचा असे तीन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. पुट्टीआधीचा फोटो म्हणजे तुमचं प्रमाणपत्र, कारण एकदा रंग मारला की चांगलं आणि वाईट काम सारखंच चमकतं.

गाडीची किंमतही विचारात घ्या. चाळीस हजारांच्या गाडीवर तीस हजारांचं काम निघत असेल तर गिऱ्हाइकाला आधी तसं स्पष्ट सांगा. तरी त्याला करायचं असेल, वडिलांची आठवण असेल, तर मनापासून करा. निर्णय त्याचा, माहिती आपली.

सोडून द्यायचं काम

"गाडी विकायची आहे, वरून चकाचक करून दे." हाडं सडलेल्या गाडीसाठी हे वाक्य आलं की हात जोडा. एवढ्या जिल्ह्यात ती गाडी जाणार कुठे? रिसोडला नाहीतर मंगरूळपीरला. घेणारा महिनाभरात कोणत्या तरी गॅरेजात गाडी उघडेल आणि विचारेल, हे कोणी केलं? मोठ्या शहरात हा प्रश्न हवेत विरतो. आपल्याकडे दुसऱ्या चहापर्यंत उत्तर मिळतं.

नाही म्हणताना भांडायचं नाही. "दादा, वरचा रंग मी करतो, पण खालचं काम केल्याशिवाय नाही" एवढंच बोलायचं. काही जण निघून जातील. जे थांबतील ते दहा वर्षांचे.

गिऱ्हाईक येणार कुठून?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. नंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत फॉर्म २५ वर अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाची केंद्राची फी बरीच वाढली आहे, शिवाय पर्यावरण कर आहे. आजचे आकडे वाशिमच्या आरटीओत विचारून घ्या, ते बदलत असतात.

यात तुमचा धंदा आहे. सर्व्हिसिंगला येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीची आरसीवरची मुदत वहीत लिहा. मुदतीच्या चार महिने आधी फोन करा: "काका, गाडी पासिंगला न्यायच्या आधी खालून एकदा बघून घेऊ." एवढ्या लवकर सांगितलं की गिऱ्हाइकाला पैशाची जुळवाजुळव करायला वेळ मिळतो आणि तुम्हाला घाईत काम करावं लागत नाही. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद लागते, हेही तेव्हाच सांगा.

दुसरं, हंगाम पकडा. एप्रिल-मे मोठ्या कामाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर पावसाने केलेलं नुकसान बघण्याचा. त्याला "पावसाळी तपासणी" असं नाव द्या: खालून धुणं, पाणी जायची भोकं मोकळी करणं, मॅटखाली बघणं, सिलमध्ये वॅक्स. काम छोटं, जोखीम कमी, आणि यातूनच पुढची मोठी कामं कळतात.

सुरुवात करायची असेल तर

पहिल्या दिवशी पेंट बूथ लागत नाही. सीओटू वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, कॉम्प्रेसर, हातोडी-डॉलीचा संच, दोन पक्के जॅक स्टँड, मास्क-चष्मे आणि पाणी न गळणारी शेड. माणूस निवडताना आयटीआयचा वेल्डर किंवा शीट मेटल ट्रेड केलेला मुलगा बघा आणि त्याला जुन्या डेंटरच्या हाताखाली द्या. मशीन मुलाला कळतं, पत्र्याचा स्वभाव म्हाताऱ्याला.

भांडवलासाठी मुद्रा कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत सोय आहे. पीएमईजीपीत सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के आणि विशेष प्रवर्गाला, ज्यात महिला येतात, ३५ टक्के अनुदान आहे. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. फक्त सेवेचा धंदा असेल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो. त्याआधीपासूनच बिलं नीट ठेवायची सवय लावा.

या आठवड्याचं काम

एक लोहचुंबक घ्या. घरची, काकांची, शेजाऱ्याची अशा तीन जुन्या गाड्या तपासा. मॅट उचला, सिल ठोका, मडगार्डच्या आत हात घाला. प्रत्येक गाडीचा कागद करा: कुठे गंज, कोणती पायरी, हाडात की कातडीत, आणि वरच्या गणिताने अंदाजे खर्च. मग तो कागद एखाद्या अनुभवी डेंटरला दाखवा आणि विचारा, "काका, यात माझं काय सुटलं?"

तो जे सांगेल ते लिहून घ्या. तीन गाड्यांनंतर तुमचं एस्टिमेट आणि त्याचं एस्टिमेट जवळ यायला लागलं, तर हा धंदा तुमच्या हाताला लागतोय असं समजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काम करत राहा.